‘वर्गीकरण नाकारले’: ऑस्ट्रेलियातील व्हिडिओ गेम आणि इंटरनेट फिल्टरचे प्रकरण

ऑस्ट्रेलियात 2012 संपेपर्यंत केवळ प्रौढांसाठी बनवलेला व्हिडिओ गेम कायदेशीरपणे विकता येत नव्हता. चित्रपटांसाठी ‘आर18+’ ही केवळ प्रौढांची श्रेणी कित्येक वर्षे होती. गेमसाठी मात्र ‘एमए15+’ (पंधरा वर्षे व त्यावरील) हीच सर्वांत वरची श्रेणी होती आणि जो गेम तिच्यात मावत नसे त्याला वर्गीकरणच नाकारले जाई. वर्गीकरण नाकारलेला गेम विकणे, भाड्याने देणे, त्याची जाहिरात करणे किंवा तो जाहीरपणे दाखवणे बेकायदा होते. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर ते गेम खेळणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे गाऱ्हाणे म्हणून राहिले असते. परंतु 2007 च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने देशातील सर्व इंटरनेट सेवा पुरवठादारांवर फिल्टर बंधनकारक करण्याचा बेत आखला आणि काय अडवायचे हे ठरवण्यासाठी हीच ‘वर्गीकरण नाकारले’ श्रेणी उसनी घेतली. ती रेघ मुळात कशी आखली गेली, उसनी घेताना तिचे काय झाले आणि गेम व इंटरनेट या दोन आघाड्यांचा शेवट इतका वेगळा का झाला, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

नऊ मंत्री आणि एक नकार

ऑस्ट्रेलियातील वर्गीकरणाची व्यवस्था 1995 च्या कायद्यावर उभी आहे. वर्गीकरण मंडळ केंद्राचे असले, तरी विक्रीवरील बंदी आणि दंड यांची अंमलबजावणी राज्यांच्या व प्रदेशांच्या कायद्यांतून होते. त्यामुळे राष्ट्रीय वर्गीकरण संहितेत बदल करायचा झाल्यास केंद्र, सहा राज्ये आणि दोन प्रदेश अशा नऊ सरकारांच्या मंत्र्यांचे एकमत लागत असे. आठ जणांनी होकार दिला आणि नवव्याने मान हलवली नाही, तर बदल होत नसे.

संहितेतली विसंगती कोणालाही दिसावी इतकी उघड होती. प्रौढांना हवे ते वाचता, ऐकता आणि पाहता आले पाहिजे, हे तिचे पहिलेच तत्त्व. पण त्याच संहितेतील गेमच्या कोष्टकात, जो गेम अल्पवयीन व्यक्तीने पाहण्यास वा खेळण्यास अयोग्य असेल त्याचे वर्गीकरण नाकारावे, असे लिहिलेले होते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती पडू नये अशी वस्तू आणि कोणाच्याच हाती पडू नये अशी वस्तू, या दोन्ही एकाच खणात टाकल्या गेल्या होत्या. याचे मूळ 1990 च्या दशकाच्या आरंभात आहे. ‘नाइट ट्रॅप’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या गेमवरून तेव्हा अनेक देशांत वादळ उठले होते. गेम हा मुलांचा विरंगुळा आहे आणि हाताने घडवून आणलेली हिंसा नुसत्या पाहिलेल्या हिंसेपेक्षा अधिक परिणाम करते, अशी दोन गृहीतके ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीपुढील चर्चेत वरचढ ठरली. दुसऱ्या गृहीतकावर संशोधकांत अजूनही वाद आहे. पहिले मात्र काळानेच खोटे ठरवले: 2009 च्या सुमारास बाँड विद्यापीठाच्या पाहणीत ऑस्ट्रेलियातील गेम खेळणाऱ्याचे सरासरी वय 30 निघाले.

नववा मंत्री होता साउथ ऑस्ट्रेलियाचा ॲटर्नी जनरल मायकेल ॲटकिन्सन. आर18+ श्रेणी आल्यास असे गेम घरात येतील आणि घरात आलेली वस्तू मुलांपासून दूर राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, कारण घरात कपाटाला कुलूप असतेच असे नाही. मात्र तोच युक्तिवाद प्रौढांच्या चित्रपटांच्या डीव्हीडीला लागू होत असूनही त्या खुलेआम विकल्या जात होत्या, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडून कधी आले नाही. बदल व्हावा की नाही हा प्रश्न तर पुढचा. या विषयावरची चर्चापत्रिका लोकांपुढे येण्यालाच बराच काळ अडथळा होत राहिला. अखेर डिसेंबर 2009 मध्ये केंद्राच्या ॲटर्नी जनरल विभागाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा 58 हजारांहून अधिक लेखी मते आली आणि त्यांपैकी सुमारे 98 टक्के नव्या श्रेणीच्या बाजूने होती. त्यांतला मोठा वाटा गेम विकणाऱ्या दुकानसाखळीने आपल्या गल्ल्यावर भरून घेतलेल्या अर्जांचा होता, तेव्हा या टक्केवारीला जनमताचा कौल म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या विषयावर लोक काही बोलतच नाहीत असे मानले जात होते, त्यावर इतके कागद जमले ही बाब मंत्र्यांना डोळ्याआड करता आली नाही.

मॉर्फिनचे नाव

आर18+ नसल्याने उरलेल्या श्रेणींत गेम बसवताना मंडळाची कशी ओढाताण होत असे, ते ‘फॉलआउट 3’ या गेमच्या उदाहरणातून नीट दिसते. अणुयुद्धानंतरच्या उजाड जगात हिंडणाऱ्या पात्राला या गेममध्ये निरनिराळी रसायने घेता येतात आणि त्यांचा खेळात फायदा मिळतो. त्यांपैकी एकाचे नाव मॉर्फिन होते. ते घेतले की जखमी हातापायांच्या वेदनेकडे पात्राला दुर्लक्ष करता येई. जुलै 2008 मध्ये मंडळाने वर्गीकरण नाकारले. खऱ्या जगातील अमली पदार्थाचा वापर आणि त्याबद्दल मिळणारे बक्षीस यांची सांगड घातली आहे, हे त्याचे कारण होते. निर्मात्यांनी मॉर्फिनचे ‘मेड-एक्स’ केले आणि पुढच्या महिन्यात गेमला एमए15+ मिळाले. हा नामबदल ऑस्ट्रेलियापुरता राहिला नाही. जगभरच्या आवृत्तीत तेच नाव आले आणि आजही त्या मालिकेत ते टिकून आहे. नऊ मंत्र्यांच्या एका कोष्टकाने ज्या देशांशी त्याचा काही संबंध नव्हता तेथील खेळाडूंच्या पडद्यावरचा शब्दही बदलला. या बदलाने कोणत्या मुलाचे संरक्षण झाले, हे सांगणे मात्र कठीण आहे. गेममधला परिणाम जसाच्या तसा राहिला होता.

‘लेफ्ट 4 डेड 2’ या गेमच्या वाट्याला याहून मोठी कात्री आली. सप्टेंबर 2009 मध्ये त्याचे वर्गीकरण हिंसेमुळे नाकारले गेले, पुनर्विलोकन मंडळानेही तो निर्णय कायम ठेवला आणि ऑस्ट्रेलियासाठी वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यात मारलेले झोंबी जमिनीवर पडता पडताच नाहीसे होत. त्याच वर्षअखेरीस ‘एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर’ या गेमबाबत याच्या नेमके उलट घडले. निर्मात्यांनी कापलेली आवृत्ती काढणार नाही असे ठणकावले, प्रकरण पुनर्विलोकनाला गेले आणि तोच गेम, एकही चौकट न बदलता, एमए15+ ठरला. म्हणजे जो गेम काही आठवड्यांपूर्वी देशात विकण्याच्या लायकीचा नव्हता, तो आता पंधरा वर्षांच्या मुलासाठी चालणार होता. मधली पायरी नसल्यावर निर्णय एक तर खाली घसरतो, नाही तर थेट दाराबाहेर जातो. मुलांच्या रक्षणाच्या दृष्टीने पाहिले तरी हे उलटेच होते, कारण इतर देशांत केवळ प्रौढांसाठी असलेले काही गेम इथे पंधरा वर्षांच्या मुलांना मिळत होते. श्रेणीच्या बाजूने झालेल्या युक्तिवादांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो.

रेघ उसनी घेणे

इंटरनेटवरील नियंत्रण ऑस्ट्रेलियाला नवे नव्हते. 1999 च्या दुरुस्तीने प्रसारण प्राधिकरणाला तक्रारीवरून कारवाई करण्याचा अधिकार मिळाला होता: मजकूर देशातल्या सर्व्हरवर असेल तर तो काढायला लावायचा, परदेशात असेल तर त्याचा पत्ता एका यादीत टाकायचा आणि ती यादी फिल्टर बनवणाऱ्यांना द्यायची. फिल्टर वापरायचा की नाही हे ग्राहक ठरवी. मजूर पक्षाआधी सत्तेवर असलेल्या जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने 2007 मध्ये घरोघरी फुकट फिल्टर देण्यावर मोठा खर्च केला, आणि मेलबर्नच्या एका शाळकरी मुलाने तो फिल्टर अर्ध्या तासात निकामी करून दाखवल्याची बातमी गाजली.

नव्या सरकारचे दूरसंचार मंत्री स्टीफन कॉनरॉय यांनी 31 डिसेंबर 2007 रोजी वेगळी दिशा जाहीर केली. घरच्या संगणकावरच्या फिल्टरऐवजी सेवा पुरवठादाराच्या पातळीवर, सर्वांसाठी, सक्तीने गाळणी लावायची. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण रोखणे हा उद्देश पुढे केला गेला, आणि त्या उद्देशाला विरोध करणारा कोणी नव्हताच. प्रश्न व्याप्तीचा होता. ती सुरुवातीपासून हलती राहिली आणि डिसेंबर 2009 मध्ये अधिकृतपणे ‘वर्गीकरण नाकारलेला’ परदेशी मजकूर अशी ठरली. या श्रेणीत शोषणाचे चित्रण होते, तसे गुन्ह्याचे किंवा अमली पदार्थांच्या वापराचे सविस्तर मार्गदर्शनही होते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला न चालणारा प्रत्येक गेमही होता.

हा शेवटचा भाग तर्काने ओढूनताणून काढलेला नव्हता. जून 2009 मध्ये मंत्र्यांच्या प्रवक्त्यानेच वृत्तपत्रांना सांगितले की एमए15+ च्या पलीकडचे गेम डाउनलोडसाठी ठेवणारी किंवा ब्राउझरमध्ये खेळू देणारी संकेतस्थळे, इतकेच नव्हे तर अशा गेमच्या डिस्क विकणारी परदेशी दुकानेही फिल्टरच्या कक्षेत येतील. तोवर ऑस्ट्रेलियातील प्रौढ माणूस नाकारलेला गेम परदेशातून मागवू शकत होता. सीमाशुल्क खात्याने पार्सल पकडले तर ते जप्त होई, पण वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीतील काही विहित क्षेत्रे वगळता असा गेम नुसता जवळ बाळगणे साधारणपणे गुन्हा नव्हता. फिल्टर आला असता तर कायद्याने मोकळी ठेवलेली ही जागा तंत्राने बुजवली असती, आणि त्यासाठी संसदेला ‘प्रौढांनी असे गेम पाहू नयेत’ असे एकदाही म्हणावे लागले नसते. एका कामासाठी बनलेली श्रेणी दुसऱ्या कामाला जुंपली की तिच्या पोटातले सगळे निर्णय, चुकलेलेही, चर्चेविना पुढे सरकतात. या प्रकरणातला खरा धोका मला इथे दिसतो. तांत्रिक बाबी त्यामानाने दुय्यम आहेत.

तरीही त्या बाबी थोडक्यात पाहायला हव्यात, कारण जाहीर वाद बहुतांशी त्यांवरच झाला. नऊ सेवा पुरवठादारांसोबत 2009 मध्ये झालेल्या चाचणीचा अहवाल सांगत होता की ठरावीक पत्त्यांची यादी अचूकपणे आणि वेग फारसा कमी न करता अडवता येते. यादीतल्या संकेतस्थळांच्या आयपी पत्त्यांकडे (म्हणजे जाळ्यावरील सर्व्हरच्या क्रमांकांकडे) जाणारी वाहतूक बाजूला वळवायची, तिथे पानाचा पूर्ण पत्ता तपासायचा आणि बाकीची सोडून द्यायची, अशी ही पद्धत आहे. यादी लहान आणि आडवाटेच्या संकेतस्थळांची असेपर्यंत ती निभावते. पण यूट्यूबचा एक व्हिडिओ यादीत गेला की यूट्यूबची सगळी वाहतूक त्या एका वळणावरून न्यावी लागते. म्हणून कॉनरॉय यांनी गूगलला यूट्यूबवर स्वतःच गाळणी लावण्याची विनंती केली आणि ही श्रेणी फार रुंद आहे असे सांगून गूगलने नकार दिला. पानाचा आशय तपासून अडवणाऱ्या अधिक व्यापक फिल्टरांनी तर निरुपद्रवी पानांपैकी 3.4 टक्क्यांपर्यंत पाने चुकून अडवली. जाणकार वापरकर्ता फिल्टर चुकवू शकतो, हेही अहवालाने लपवले नाही.

यादी फुटते

मार्च 2009 मध्ये गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने प्राधिकरणाची म्हणून एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 2,395 पत्ते होते. प्राधिकरणाच्या स्वतःच्या यादीत तेव्हा 1,061 पत्ते असल्याचे सांगितले जात होते. ही आपली यादी नव्हे, काही पत्ते तेवढे समान आहेत, असे मंत्र्यांनी म्हटले. काही दिवसांनी आलेल्या दुसऱ्या प्रतीबाबत तो नकार तितका ठाम उरला नाही. पत्त्यांची बेरीज बाजूला ठेवू. लोकांच्या लक्षात राहिली ती नावे. क्वीन्सलँडमधल्या एका दंतवैद्याचे संकेतस्थळ, शाळांच्या उपाहारगृहांना सल्ला देणारी एक संस्था, पर्यटन व्यावसायिक, ऑनलाइन पोकरची पाने. दंतवैद्याच्या संकेतस्थळात मागे कोणीतरी घुसखोरी केली होती. ते दुरुस्त होऊन बराच काळ लोटला तरी पत्ता यादीतच राहिला होता आणि आपण यादीत आहोत हे त्याला ठाऊकही नव्हते. ठाऊक होणार कसे? यादी गुप्त होती, नोटीस देण्याची तरतूद नव्हती आणि अपिलाची खिडकी कुठे आहे हे विचारायलाही आधी आपण अडवले गेलो आहोत हे कळावे लागते.

त्याच महिन्यात प्राधिकरणाने एका चर्चामंचाच्या होस्टिंग कंपनीला यादीतल्या पानाचा दुवा काढून टाकण्याची नोटीस बजावली आणि न काढल्यास दिवसाला 11,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाचा इशारा दिला. ते पान गर्भपातविरोधी प्रचाराचे होते. कोणीतरी ‘यादीत काय काय जाते’ हे अजमावण्यासाठी त्याची तक्रार केली होती. चाचणीत सहभागी व्हायला तयार झालेल्या आयआयनेट या पुरवठादाराने तेवढ्यात अंग काढून घेतले.

गेमच्या निर्णयांशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. मंडळाने ‘फॉलआउट 3’ नाकारला तेव्हा निर्णय जाहीर झाला, कारणांचा अहवाल मिळाला आणि वृत्तपत्रांनी त्यावर टीका केली. निर्माता दुरुस्त आवृत्ती सादर करू शकला आणि पुनर्विलोकनाचे दारही उघडे होते. निर्णय कितीही वाईट असला तरी तो कोणी घेतला आणि का, हे सांगता येत होते. एमए15+ ची विसंगती देशाला कळली ती अशाच छापील, सहीच्या निर्णयांच्या ढिगातून. गुप्त यादीत असा ढीग साचतच नाही.

दोन शेवट

साउथ ऑस्ट्रेलियात मार्च 2010 मध्ये निवडणूक झाली. ॲटकिन्सन यांच्या क्रॉयडन मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध ‘गेमर्स4क्रॉयडन’ नावाचा पक्षच उभा राहिला होता. ते निवडून आले, पण मंत्रिपदावरून पायउतार झाले. जुलै 2011 मध्ये मंत्र्यांनी गेमच्या आर18+ श्रेणीला तत्त्वतः मान्यता दिली. तटस्थ राहिलेले न्यू साउथ वेल्सही काही आठवड्यांत राजी झाले. जून 2012 मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली आणि 1 जानेवारी 2013 पासून गेमसाठी आर18+ श्रेणी आली. ‘लेफ्ट 4 डेड 2’ ची मूळ आवृत्ती 2014 मध्ये त्या श्रेणीत बसली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. अमली पदार्थांना बक्षीस जोडण्याचा निकष तसाच राहिला, आणि 2013 च्या मध्यावर ‘सेंट्स रो 4’ व ‘स्टेट ऑफ डीके’ हे दोन गेम नव्या श्रेणीतही मावले नाहीत. ‘डिस्को एलिसियम’ची अंतिम आवृत्ती मार्च 2021 मध्ये नाकारली गेली. अमली पदार्थांच्या वापराचे दुष्परिणामही त्या गेममध्ये दिसतात, हे लक्षात घेऊन पुनर्विलोकन मंडळाने मे महिन्यात निर्णय फिरवला. तेरा वर्षांनी तोच मॉर्फिनचा वाद, पण या वेळी कोणाला नाव बदलावे लागले नाही.

फिल्टरचा शेवट लांबत गेला. जुलै 2010 मध्ये कॉनरॉय यांनी ‘वर्गीकरण नाकारले’ या श्रेणीचा फेरविचार होईपर्यंत योजना पुढे ढकलली; म्हणजे उसनी घेतलेली रेघ तपासून पाहायला हवी होती, हे सरकारला अडीच वर्षांनी मान्य करावे लागले. विधी आयोगाने 2012 च्या अहवालात या श्रेणीच्या जागी ‘निषिद्ध’ अशी अधिक अरुंद श्रेणी आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षी 9 नोव्हेंबर रोजी सक्तीचा फिल्टर अधिकृतपणे सोडून देण्यात आला. त्याऐवजी इंटरपोलची, बालशोषणाच्या सर्वांत वाईट संकेतस्थळांपुरती मर्यादित यादी सेवा पुरवठादारांनी अडवावी असे ठरले, आणि त्यासाठी 1997 च्या दूरसंचार कायद्यातील कलम 313 चा आधार घेण्यात आला.

विरोधकांनी हा विजय म्हणून साजरा केला, आणि त्यात त्यांचे चुकले असे मला वाटते. फिल्टरच्या विधेयकावर निदान संसदेत खडाजंगी झाली असती. कलम 313 मध्ये सेवा पुरवठादारांनी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारी यंत्रणांना वाजवी साहाय्य द्यावे एवढेच म्हटले आहे. कोणती यंत्रणा, कोणत्या कारणासाठी, किती काळ आणि कोणाला विचारून, यांपैकी काहीच त्यात नाही. लवकरच त्याचे फळ दिसले. एप्रिल 2013 मध्ये मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटीचे संकेतस्थळ अचानक उघडेनासे झाले. विचारपूस करता पुरवठादार काही सांगेनात. शेवटी कळले की गुंतवणूक फसवणुकीचे एक संकेतस्थळ रोखण्यासाठी शेअर बाजार आणि कंपन्यांच्या नियामकाने एक आयपी पत्ता अडवायला लावला होता, आणि त्या पत्त्यावर राहणारी सुमारे 1,200 संकेतस्थळे सोबत गेली होती. त्याआधीच्या दुसऱ्या एका आदेशाने सुमारे अडीच लाख संकेतस्थळे अडली होती, असे नियामकाने नंतर सिनेट समितीपुढे सांगितले. त्यांतली बहुतेक ओसाड होती, पण हजारभर चालती होती. एका आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असू शकतात, हे आदेश देणाऱ्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

संसदेच्या समितीने जून 2015 मधल्या अहवालात कलम रद्द करण्याची शिफारस केली नाही. कलम वापरणाऱ्या यंत्रणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, आदेश कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावा हे ठरलेले असावे आणि त्या यंत्रणांपाशी पुरेसे तांत्रिक ज्ञान असावे, असे तिने सुचवले. वर्गीकरण मंडळाला आपला प्रत्येक नकार कारणांसह लिहावा लागतो आणि अर्जदार त्याविरुद्ध पुनर्विलोकनाला जाऊ शकतो. कलम 313 खाली संकेतस्थळ अडवले गेलेल्याला तसा हक्क त्या कलमात दिलेला नाही, आणि विधी आयोगाने बदलायला सांगितलेली ‘वर्गीकरण नाकारले’ श्रेणी कायद्यात तशीच राहिली.